बसू, लेकरू खाली ठेवू का?

बसू, लेकरासाठी तू आणलेली खुर्ची त्यांनी आत नेलीय. काउंटरवरच्या पोरीनं ती उलटीपालटी करून पाहिली, खालच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "आजी, सीनियरना विचारून सांगते. तुम्ही बसा. नाहीतर बेबी लॅपवर चालतंच की, सगळे तसंच नेतात." मी म्हटलं, विचार बाई. आणि मनात म्हटलं, नाही म्हणू दे गं तुझा सीनियर. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तो नाही म्हणाला तर मी सुटले, असंच वाटलं.

हैदराबादच्या विमानतळावर बसले आहे. शेजारी पल्लवी, माझी लेक, तुझी लाडकी भाची. तिच्या मांडीवर चिमी, आठ महिन्यांची, अंगठा तोंडात घालून झोपलीय. विमान दोन तास उशिरा आहे. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, त्यामुळे बसून राहायची वेळ आली की माझा हात पेन शोधतो. म्हणून वही काढली. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी तुझ्याशी जेवढं भांडले तेवढं तू असताना भांडले नव्हते. तू उलटून उत्तर देत नाहीस, त्याचा जास्त राग येतो.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या होत्या. वालूरचे सुपुत्र, विमान अभियंता वगैरे. तू वाचल्या असत्यास तर पोट धरून हसला असतास. विमान उडवण्याशी तुझा काय संबंध? पारावरची माणसं बरोबर बोलायची, "लोकांची पोरं इमान उडवायला शिकत्यात, आपला बसवराज इमान पडायचं शिकून आलाय!" तू चिडायचा नाहीस. "पडू न देणारे दुसरे हायत काका," म्हणायचास, "मी पडल्यानंतरचा माणूस."

पस्तीस वर्षं तू बंगळूरला ते काम केलंस. मी एकदा आले होते बघायला. लांबलचक रूळ, रुळावर गाडा, गाड्यावर विमानाची खुर्ची आणि खुर्चीत माणसाच्या वजनाचा पुतळा. गाडा जोरात सोडायचा आणि एकदम थांबवायचा. धाडकन आवाज. मग खुर्ची कुठं वाकली, पट्टा कुठं सरकला, पुतळ्याचं डोकं समोर कशावर आपटलं, हे बघत तुम्ही शहाणी माणसं दिवसभर बसायचा. मला तर त्या पुतळ्याचीच कीव आली. मी विचारलं, "आन् यातून खरंच माणूस वाचतो का रे?" तू म्हणालास, "लय वाचत्यात अक्का. विमान पडलं म्हंजी समदे गेले असं लोकांना वाटतंय. तसं न्हाई. खुर्ची जागची हलली न्हाई, माणूस शुद्धीवर राहिला, आन् बॅग काढत न बसता दाराकडं पळाला, तर वाचतो. त्याला पळता यावं, एवढंच आमचं काम."

तुझी बायको शैला गेली, दोन वर्षांपूर्वी तू रिटायर झालास आणि वालूरला माझ्या घरासमोरच्या दोन खोल्यांत येऊन राहिलास. आणि बेजार केलंस आम्हाला! एसटीत बसलं की संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग किती ओळी मागं आहे ते मोजायचास, मला मोजायला लावायचास. प्रवासात सुतीच नेसायचं, नायलॉन अंगाला चिकटतं. चपला काढून बसायचं नाही. पल्लवीच्या लग्नात तर तू कहर केलास. अक्षता पडायची वेळ झालेली, आणि हा नवरीचा मामा कार्यालयाच्या मागच्या दारासमोरची खुर्च्यांची थप्पी हलवतोय! मी तुझ्यावर सगळ्यांदेखत डाफरले. तू घामानं भिजलेला, म्हणालास, "झालं अक्का, दार उघडतंय आता." आज या हॉलमध्ये आल्याबरोबर मी काय केलं असेल? दारं मोजली. चार आहेत.

तसा तुझा-माझा वाद दारांवरून नव्हता, तो मांडीवरून होता.

आपल्या घराची रीत तुला नवी नव्हती. लेक बाळंतपण उरकून सासरी निघाली की लेकरू माहेरच्या उंबऱ्यापासून सासरच्या उंबऱ्यापर्यंत मांडीवरून मांडीवर जातं. वाटेत ते कुठं टेकवायचं नाही. बैलगाडीच्या साटीवर नाही, एसटीच्या सीटवर नाही, कुणाच्या बाजेवर नाही. हात भरून आले तर दुसरीनं घ्यायचं. आज्जीनं आईला तसं धाडलं, आईनं मला. आता पल्लवीला धाडायची पाळी माझी. जावई गुवाहाटीला, रेल्वेनं जायचं तर तान्ह्या लेकराचे तीन दिवस हाल, म्हणून विमान ठरलं. मी बरोबर जायचं ठरलं, आळीपाळीनं मांडी द्यायला. दोन वर्षांच्या आतलं लेकरू मांडीवर न्यायला परवानगी आहे म्हटल्यावर मी म्हटलं, बघा, विमानवाल्यांनाही आपली रीत मान्य आहे.

आणि तू चिमीचं वेगळं तिकीट काढून आलास.

मला हसूच आलं. "आठ महिन्यांच्या लेकराला अख्खी सीट? काय पाय पसरून बसायचंय तिला?" तू हसला नाहीस. "अक्का, चिमी किती किलोची हाय?"

"आठ. परवाच तोललं."

"आमी खुर्ची तपासतो तवा वजनाच्या सोळा पट झटका देतो. विमान आपटून थांबलं तर तसा बसू शकतो. आठाला सोळानं गुण."

"एकशे अठ्ठावीस."

"सव्वा क्विंटलच्या वर. मोंढ्यातला हमाल एकटा उचलंना तेवढं. तू मांडीवर कशी धरशील?"

"आईचे हात असत्यात ते," मी म्हटलं, "हमालाचे न्हाईत."

मग तू मला समजावत बसलास. मांडीवरच्या लेकराला एक जादाचा पट्टा देतात, आईच्या पट्ट्यात ओवायचा. मी म्हटलं, झालं तर मग. तू म्हणालास, त्यानं लेकरू उडत नाही, पण झटक्यासरशी आई पुढं दुमडते आणि तिचं सगळं वजन लेकरावर येतं. मी म्हटलं, मग मी तिला पदरानं पोटाला घट्ट बांधते, ट्रॅक्टरवर बसताना बांधतो तशी, आणि दोघींवरून एकच पट्टा. तू डोक्याला हात लावलास. "समद्यात वाईट तेच हाय गं बाई! समद्यात वाईट तेच!" आठ दिवस हे चाललं होतं. पल्लवी बिचारी कधी तुझ्याकडं बघायची, कधी माझ्याकडं.

त्या सोमवारी तू म्हणालास, चल, सेलूच्या बाजारात सोडतो. गाडीत बसले, तर मागच्या सीटवरून पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. आठ किलो तूरडाळ, आणि वर चिमीचं पिवळं दुपटं गुंडाळलेलं. "ही चिमी समज. अशी धर की सुटली न्हाई पाहिजे." मी तुला येडा म्हटलं, पण धरली. खरं सांगते, बसू, मी तिला दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, अगदी लेकरासारखी. कॅनॉलच्या पुढं रस्ता मोकळा होता. गाडी काही फार जोरात नव्हती, सायकलवाल्याच्या जरा पुढं. आणि तू ब्रेक मारलास.

मला पट्ट्यानं धरलं. पिशवी माझ्या हातांतून कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. समोरच्या कप्प्यावर आपटली आणि फुटली. काचेवर डाळ, पायांत डाळ, आणि त्या डाळीत चिमीचं दुपटं.

"तू सांगितलं न्हाईस!" मी ओरडले. "मी तयार नव्हते!"

"विमान सांगून पडतंय का अक्का?"

तू हे हळू म्हणालास, चिडवायला नाही, ते आता कळतं. तेव्हा मला त्या दुपट्याकडं बघवत नव्हतं. अंगाला काटा आला होता आणि मला भीती वाटली की मी भांडते, हे तुला लहानपणापासून ठाऊक. तू स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणालास, "अक्का, ऐक. एकदा दवाखान्यात एक बाई..." आणि मी तुला पुढं बोलूच दिलं नाही.

"मला शिकवू नको," म्हटलं. "तुला लेकरं न्हाईत. मांडी काय असती ते तुला काय कळणार?"

बोलून गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. तुझं तोंड अर्धं उघडं होतं, ते मिटलं. सेलू राहिलं बाजूला, तू गाडी वळवलीस. घरी येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसले. संध्याकाळी गाडीतली डाळ सुपात गोळा केली, पाखडली, निवडली, तिचं वरण केलं. समोरच्या दाराकडं दहा वेळा बघितलं. पण डबा काही तुला धाडला नाही. म्हटलं, येईल भूक लागल्यावर. तू आला नाहीस. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी सकाळी पल्लवी चहा घेऊन गेली तर तू पूजेला बसलेला, भिंतीला टेकलेला, इष्टलिंग हातात तसंच. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, तीन दिवस सख्ख्या बहिणीनं वरणाचा डबा दिला नाही, ते कोणत्या रिपोर्टात येतं?

आपल्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, आणि न्यायचं तेही बसवूनच. डोली सजली. स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला, आणि दोघातिघांनी पांढऱ्या धोतराच्या पट्टीनं तुला मागच्या फळीला बांधलं. मी उंबऱ्यात उभी होते. रडायला येत नव्हतं. मी फक्त बघत होते की पट्टी पोटावर बांधलीय. पोटावर! "पोट मऊ असतंय अक्का, पट्टा खाली हाडावर पाहिजे, हाड सोसतं," हे तू मला गाडीत बसताना किती वेळा सांगितलं असशील. मी पुढं झाले आणि ती पट्टी दोन्ही हातांनी खाली सरकवली, कमरेच्या हाडावर. स्वामी माझ्याकडं बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, बहीण आहे, असू द्या. गाठ मी ओढून पाहिली, घट्ट होती. मग मला रडायला आलं.

आता ते बोलते जे तुझ्या-माझ्यात कधीच बोललं गेलं नाही.

बेचाळीस वर्षं झाली. माझा पहिला मुलगा चार महिन्यांचा होता. मी त्याला घेऊन गंगाखेडला सासरी निघाले होते. आईनं ओटी भरली, रीत पुन्हा पुन्हा सांगितली. तू परभणीला कॉलेजात होतास, सुट्टीला आला होतास, मला बसमध्ये बसवून द्यायला सेलूच्या स्टँडवर आलास. बस येईना. लेकरू भुकेनं रडायला लागलं. दुधाची बाटली ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. एका हातानं कडी निघेना. मी त्याला दुपट्यात गुंडाळून बाकड्यावर ठेवलं. पाच मिनिटं असतील. ट्रंक उघडली, बाटली काढली, मान वर केली, तर तू चौकशीच्या खिडकीपाशी उभा, माझ्याकडं बघत होतास.

पंधरा दिवसांनी त्याला ताप आला. परभणीच्या दवाखान्यात नेला, पण तो काही परत आला नाही. आई मला जवळ घेऊन बसली आणि तिनं एकच विचारलं, "वाटंत कुठं टेकवलं व्हतंस का गं?" मी नाही म्हणाले. तू तिथंच भिंतीपाशी उभा होतास. तुला माहीत होतं. तू तेव्हा बोलला नाहीस, आई जिवंत असेपर्यंत बोलला नाहीस, माझ्याजवळसुद्धा कधी विषय काढला नाहीस. दहा वर्षांनी पल्लवी झाली. दोन वर्षांत तिचे वडील गेले, मी वालूरला परत आले, अंगणवाडीत लागले. तीस वर्षं मी बायांना सांगितलं, ताप पाण्यानं येतो, डासानं येतो, लेकरू खाली ठेवल्यानं येत नाही, येड्या हो. शेकडो जणींना सांगितलं. शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं मला. पण पल्लवीला मी रांगायला लागेपर्यंत वाटेत कुठं टेकवलं नाही, आणि चिमीलाही टेकवणार नव्हते.

आणि ज्यानं माझं एवढं पोटात ठेवलं त्याला मी म्हणाले, तुला मांडी काय कळणार.

तू गेल्यावर नवव्या दिवशी बंगळूरहून तुझ्या हाताखालच्या माणसाचा फोन आला. अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत बोलत होता आणि मधूनमधून रडत होता. मी त्याला विचारलं, "दवाखान्यातली बाई कोण होती?" त्याला पटकन कळेना. मग म्हणाला, फार जुनी गोष्ट, एक लहान विमान धावपट्टी सोडून शेतात गेलं होतं. साहेब खुर्च्या बघायला गेले होते. बहुतेक माणसं वाचली होती. एक बाई वाचली, तिचं मांडीवरचं लेकरू गेलं. साहेब तिला भेटायला दवाखान्यात गेले. ती प्रत्येकाला एकच विचारायची, माझे हात कमी पडले का? "साहेब रोज तिथं जाऊन बसायचे," तो म्हणाला. "काय सांगितलं तिला, ते आम्हाला कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर साहेबांनी लेकरांच्या खुर्च्यांचं काम मागून घेतलं."

फोन ठेवला. तू ते मला का सांगणार होतास, बसू? चिमीसाठी, की सेलूच्या बाकड्यासाठी? चिमीसाठी असेल तर मी वाद घातला असता आणि हरले असते. बाकड्यासाठी असेल तर... मला एवढंच माहीत आहे की बेचाळीस वर्षांत तू पहिल्यांदा तोंड उघडलं होतंस आणि मी ते बंद केलं.

तुझी खोली आवरताना बाजेखाली ही खुर्ची सापडली, पांढऱ्या कापडात बांधलेली. विमानात चालते असा शिक्का असलेलीच आणलीस, तीही कुठून मागवलीस कोण जाणे. आत तुझ्या अक्षरातला कागद होता. खिडकीला लावणे. एक वर्षाच्या आत तोंड मागे, मान कच्ची असते. पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. खाली मऊ काही घालू नये, अंग दबतं आणि पट्टा सैल होतो. आणि या ओळीपुढं कंसात लिहिलंय, अक्काला सांगणे. ओळखलंस ना मला! त्याच वेळी माझ्या घरात चिमीसाठी चौघडी गोधडी शिवून तयार होती, खाली घालायला. पल्लवीनं कागद वाचला आणि म्हणाली, "आई, मामा गेलाय. आता मला बोलता येईना. तू सांगशील तसं करू." म्हणजे सगळं माझ्यावर येऊन पडलं. तू असतास तर मी तुझ्याशी भांडून, हरून, तुझ्यावर ढकलून मोकळी झाले असते.

काल सेलू स्टेशनला तुझ्याच गाडीनं आलो, शेजारच्या पोरानं आणून सोडलं. समोरच्या कप्प्याच्या फटीत अजून तीन दाणे अडकलेले होते. मी ते काढले नाहीत. रेल्वेत सगळी वाट चिमी मांडीवर होती, कधी पल्लवीच्या, कधी माझ्या. इथपर्यंत रीत सांभाळलीय, बसू. एकदाही टेकवलेलं नाही.

ती पोरगी येतेय. हातात खुर्ची आहे.

"चालेल आजी," म्हणाली. "लेबल बरोबर आहे. पण खिडकीच्याच सीटला लावावी लागेल."

आता सबबच उरली नाही. काय करू रे? विमान पडणार नाही हे मलाही माहीत आहे, रोज हजारो जातात. बाकड्यानं ताप येत नाही, हेही माहीत आहे. दोन्ही माहीत असून भीती वाटते ती वाटतेच. हिला हातात ठेवलं तर तुझ्या त्या बाईसारखं होईल, खाली ठेवलं तर माझ्यासारखं. विमानात बोलवतायत. वही बंद करते.

आता आपण वर आहोत. म्हणजे मी वर आहे. पट्ट्याचा दिवा विझलाय, म्हणून लिहितेय. अक्षर खराब येतंय, सांभाळून घे.

आमची चौदावी ओळ. पंखावरचं दार दोन ओळी पुढं, मागचं फार लांब. दोनदा मोजलं. अंगावर सुती इरकल आहे, पायात कॅनव्हासचे बूट, पल्लवीनं घेऊन दिलेले. बघून हसला असतास. पल्लवीनं खिडकीच्या सीटवर खुर्ची ठेवली, पट्टा ओवला, गुडघ्यानं खुर्ची दाबून तो ओढला, कागदावर लिहिलंय तसं. मागं माणसं खोळंबलेली, हवाईसुंदरी म्हणतेय बसून घ्या. पल्लवीनं हात पुढं केले. "आई, दे."

माझे हात उघडेनात. चिमी टक्क जागी, माझ्या नाकातली चमकी ओढतेय. मागून एक गृहस्थ म्हणाले, "काय झालं आजी?" पल्लवी हात तसेच पुढं धरून थांबली. तू ब्रेक मारण्याआधी मी जशी धरली होती ना डाळ, तशीच हिला धरली होती. आणि तेच आठवलं. किती घट्ट धरली होती मी, आणि कशी गेली ती.

"थांब," म्हटलं. "मीच ठेवते."

ठेवलं, बसू. आधी पाठ, मग डोकं. खांद्यावरून पट्टे घेतले, बक्कल लागल्याचा आवाज ऐकला, दोन बोटं घालून पाहिली. गोधडी खाली घातली नाही. पिवळं दुपटं तेवढं पट्टा लावल्यावर वरून घातलं. तिनं भोकाड पसरलं, ते दारं लागली तरी थांबेना. मी उचलायला वाकले, पण तेवढ्यात विमान पळायला लागलं. मी पल्लवीचा हात धरला. तिचा हात माझ्याहून गार होता.

मग मी तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, विमान चढत होतं, कान बंद झाले होते, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, कदाचित म्हणून. सेलूचं स्टँड, बाकडं, ट्रंकेची कडी, आईशी बोललेलं खोटं. तू बघितलं होतंस तेही. सगळं सांगून झालं. मी वाट बघत होते, आपल्या आईनं तेव्हा बघितलं होतं तसं ती आता माझ्याकडं बघेल म्हणून.

ती म्हणाली, "लेकराला भूक लागली होती, तू दूध काढत होतीस. मग?"

एवढंच. किती वाजले विचारावं तसं. मग, म्हणाली. मी बेचाळीस वर्षं स्वतःला सगळं विचारलं, बसू, पण हे विचारलं नाही. तू हेच म्हणणार होतास का? मला कधीच कळायचं नाही, आणि त्यासाठी मी जन्मभर तुझ्यावर आणि माझ्यावर चिडलेली राहणार आहे.

भीती गेलेली नाही. अजून उतरायचंय, आणि तू म्हणायचास, चढताना आणि उतरतानाच जपायचं. बाहेर जरा गडगडलं की माझं लक्ष त्या बक्कलकडं जातं. चिमी रडून रडून झोपलीय. तोंड मागं असल्यामुळे आमच्याकडंच आहे, ओठ हलतायत. माझ्या मांडीवर ही वही आहे. परत आले की तुझ्या समाधीवर डबा घेऊन येईन, वरणाचा, त्याच डाळीच्या उरलेल्याचा.

आत्ता एवढंच कळवायचं होतं. लेकरू खाली आहे, आणि ते झोपलंय.